मोठ्यांनी लहानग्यांना वाचून दाखवायचं ठरलं

जव्हार तालुक्यातली आमची जिल्हा परिषद शाळा पहिली ते आठवीची आहे. पट दीडशेच्या आसपास. मुलं आदिवासी: वारली, कोकणा, क ठाकूर, काही कातकरी. मी सहावी ते आठवीला मराठी शिकवते, आणि शिक्षक कमी असल्यामुळे गेली काही वर्षं पहिलीही माझ्याकडेच आहे. त्यामुळे शाळेची दोन्ही टोकं रोज माझ्यासमोर असतात. एका टोकाला पुस्तक उलटं धरून चित्रं बघणारं पोर, दुसऱ्या टोकाला मिसरूड फुटायला आलेला, मागच्या ओळीत मान खाली घालून बसणारा मुलगा. वाचनाचं काम हाती घेतलं तेव्हा मला जास्त काळजी या दुसऱ्याची होती. लहान मुलाला वाचता येत नाही म्हणून कुणी हसत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला मात्र ते लपवावं लागतं, आणि लपवण्यात तो इतका तरबेज होतो की शिक्षकांनाही पत्ता लागत नाही.

पत्ता लावायचा तर एकेकाला जवळ बसवून ऐकायला हवं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात आम्ही दुसरीपासून आठवीपर्यंत हेच करतो. चाचणी ‘असर’ पाहणीतली. ‘प्रथम’ संस्था 2005 पासून ती देशभर खेडोपाडी वापरते, आणि सगळी चाचणी एका कागदावर मावते: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत सहज वाचतं ती त्याची पातळी. आम्ही त्यासाठी व्हरांड्याचं टोक निवडलं, कारण वाचणाऱ्याचा आवाज वर्गमित्रांच्या कानावर पडता कामा नये. मोठ्या मुलांसाठी ही काळजी फार महत्त्वाची आहे.

पाचवीतल्या एका मुलीनं पुस्तकातला धडा घडाघडा म्हटला. मी ओळीच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, “हा कुठला शब्द गं?” तिनं आपलं बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं, तिथून पुन्हा म्हणत आली आणि त्या शब्दापाशी थांबली. धडा तोंडपाठ होता. दुसरा एक जण पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून द्यायचा. ‘बगळा’ लिहिलेलं असलं तर ‘बदक’, ‘पाऊस’ असला तर ‘पाणी’. तिसरी मुलगी न अडखळता वाचायची, पण गोष्टीत काय झालं असं विचारलं की गप्प. तिघंही एकाच वर्गात, आणि तिघांनाही वेगवेगळी मदत हवी होती. नुसत्या लेखी परीक्षेत तिघांना सारखेच गुण पडले असते.

हे दुखणं आमच्या एकट्या शाळेचं नाही. 2024 च्या असर अहवालानुसार ग्रामीण भारतातली पाचवीची 48.8 टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्तच मुलं परिसर अभ्यासाचं आणि गणिताचं पुस्तक उघडून बसतात आणि त्यातलं वाक्य त्यांच्या हाती लागत नाही.

मुख्याध्यापकांकडे मी पहिली मागणी केली ती वेळेची.

“सर, रोज अर्धा तास द्या. सगळ्या शाळेला, एकाच वेळी.”

“मग अभ्यासक्रम कसा संपवायचा मॅडम?”

“ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो कुठे संपतोय सर? तो फक्त आपल्यापुरता संपतो.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळापत्रक स्वतः पुन्हा लिहिलं: खिचडीनंतरचा अर्धा तास वाचनाचा. त्या वेळात ऑनलाइन माहिती भरायची नाही, फोन घ्यायचा नाही, कुणी शिक्षक रजेवर असला तरी तास मोडायचा नाही. मला वाटतं, आमच्या शाळेत जे काही घडलं त्यातलं निम्मं श्रेय या एका निर्णयाचं आहे. वाचन हे उरलेल्या वेळेत करायचं काम असेल तर शाळेत वेळ कधीच उरत नाही.

त्या अर्ध्या तासात तिसरी ते पाचवीची मुलं वर्गानुसार बसत नाहीत, पातळीनुसार बसतात. ही पद्धतही ‘प्रथम’नंच रुजवलेली. शब्दांवर अडकलेली पाचवीची मुलगी आणि तिसरीचा मुलगा एका गटात. रोज गोष्ट ऐकायची, तीच पुन्हा बोट फिरवत वाचायची, तिच्यावर बोलायचं, थोडं लिहायचं. दर काही आठवड्यांनी पुन्हा ऐकायचं आणि पुढच्या गटात पाठवायचं. या गटांतल्या मुलांना लवकर फळ मिळतं. अडखळत वाचणाऱ्याला तोच छोटा मजकूर तीन-चारदा वाचू दिला की आवाजात फरक ऐकू येतो, आणि तो फरक त्यालाही ऐकू येतो. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. मी घड्याळ लावते, पण मुलाला दाखवत नाही. घड्याळ दिसलं की मूल धावायला लागतं आणि ‘समजून’ हा शब्द मागे राहतो.

पहिलीत अक्षरं आम्ही क, ख, ग, घ अशी ओळीनं घेत नाही. क, म, ल, ब, र आणि काना एवढ्यावर ‘मका’, ‘मामा’, ‘बाक’, ‘काम’, ‘मला’ असे शब्द लगेच तयार होतात. मुलाला दोन-तीन आठवड्यांत काहीतरी खरंखुरं वाचायला मिळतं. मराठीत एकदा अक्षर आणि मात्रा पक्क्या झाल्या की बहुतेक शब्द जसे लिहिलेत तसेच वाचता येतात. पण तिथपर्यंतचा चढ मोठा आहे. मूळ अक्षरं, त्यांची बाराखडी, शिवाय जोडाक्षरं. हा सगळा चढ चढून झाल्यावर मग वाचायला देऊ असं म्हटलं तर मूल वाटेतच बसतं.

दुसरं काम मला पहिलीत सगळ्यात आवडतं. मूल बोलतं, मी फळ्यावर लिहिते. शेतावर काय चाललंय, कोंबडी कुठे गेली, रात्री पाड्यावर कुणाकडे तारपा वाजला. ते ‘नागली’ म्हणालं तर मी ‘नागली’च लिहिते, ‘नाचणी’ लिहीत नाही. राब भाजणं, आवणी, खुरासणी हे इथल्या शेतीतले शब्द फळ्यावर उमटले की पोरांचे डोळे बघण्यासारखे होतात. आपण बोललो तेच तिथे बसलंय आणि उद्या आलो तरी तिथेच असणार, ही गोष्ट त्यांना कळते. पाठ्यपुस्तकातली भाषा पुढे येतेच, शिकवावीही लागते. पण छापलेल्या ओळीत आपलं कुणीच नाही असं ज्या मुलाला वाटतं, त्याला वाचनाची ओढ लावणं फार अवघड जातं. वर्षाकाठी त्या फळ्यावरच्या मजकुराची शिवलेली छोटी पुस्तकं होतात आणि पुढच्या पहिलीला तीच सगळ्यात आधी हवी असतात.

पुस्तकांचं म्हणाल तर शाळेत पुस्तकं होती. कपाटात, कुलूप लावून. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंदवलेलं पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर उद्या उत्तर कोण देणार, ही भीती बहुतेक शाळांत असते आणि ती खोटी नसते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आम्ही ठरावच करून घेतला: वाचून फाटलेल्या पुस्तकासाठी कुणालाही जबाबदार धरायचं नाही. मग व्हरांड्यात सुतळ्या बांधल्या, त्यावर पुस्तकं टांगली. आठवीच्या दोन मुली देवघेवीची वही सांभाळतात. फाटलेलं पुस्तक तांदळाच्या खळीनं चिकटवतात; ही खळ त्यांच्याच घरून येते. कुठलं पुस्तक सारखं बाहेर असतं आणि कुठल्याला कुणी हात लावत नाही, हे त्या वहीवरून मला कळतं. वाघ, साप, भुतं, कोडी. बोधपर गोष्टींना मागणी नाही, थोरांच्या चरित्रांना आहे, पण त्यांच्या लहानपणाच्या भागापुरतीच. वहीतलं हे वाचून पुढची पुस्तकं निवडायची असं आम्ही ठरवलं.

पैसे थोडेच होते. ‘प्रथम बुक्स’चं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. त्यावरच्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि मराठीतही भरपूर आहेत. त्यातल्या आम्ही छापून घेतल्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात. ते शाळेच्या टीव्हीवर लावून सातवी-आठवीची मुलं एकत्र वाचतात.

आता त्या मागच्या ओळीतल्या मुलांकडे येते.

सहावी ते आठवीत साध्या शब्दांच्या पुढे न गेलेली बरीच मुलं निघाली. त्यांच्या हातात काय द्यायचं? त्यांना झेपणारं पुस्तक म्हणजे मोठ्या टायपाचं, चार ओळींचं, कोंबडीच्या पिल्लाचं. ते वर्गासमोर हातात धरायला सातवीतला मुलगा तयार होत नाही, आणि का व्हावं? झेपणारं पुस्तक दिलं तर मान जातो, मान राखला तर झेपत नाही. या पेचातून वाट निघाली ती पहिलीच्या वर्गामुळे. माझ्याकडे पहिली होती आणि वीस-बावीस पोरांना रोज गोष्ट वाचून दाखवायला मी एकटी अपुरी पडत होते. मी सहावी-सातवीच्या मुलांना सांगितलं, मला मदत हवी आहे. प्रत्येकानं पहिलीतलं एक मूल घ्यायचं आणि दर शुक्रवारी त्याला एक पुस्तक वाचून दाखवायचं. सगळ्यांनीच, चांगलं वाचणाऱ्यांनीही. त्यामुळे कुणाला कशासाठी निवडलं हा प्रश्नच आला नाही.

मग कोंबडीच्या पिल्लाचं पुस्तक हातात धरायला सबळ कारण मिळालं. ते लहान्यासाठी होतं. सोमवारी पुस्तक निवडायचं, मंगळवार ते गुरुवार रोजच्या अर्ध्या तासात त्याचा सराव करायचा: आधी माझ्यामागून, मग जोडीदाराबरोबर, मग एकट्यानं. कुठे थांबायचं, अस्वलाचा आवाज कसा काढायचा, पान उलटायच्या आधी काय विचारायचं, हे सगळं ठरवायचं. एरवी तेच पान चौथ्यांदा वाच म्हटलं असतं तर वाचलं नसतं. इथे मुलं स्वतः येऊन म्हणायची, “बाई, अजून एकदा ऐका ना.”

सातवीतला एक मुलगा पहिल्या शुक्रवारी घामानं भिजला होता. घरातला धाकटा म्हणून वाढलेला, त्याला लहान मुलांची सवयही नव्हती. पुस्तकात पानाला एकच ओळ. त्याच्या मांडीला टेकून बसलेल्या मुलीला मात्र तो अडखळतोय हे कळतही नव्हतं, ती चित्रातली मांजर शोधत होती. मध्येच तिनं विचारलं, “ती का पळली?” तो थांबला, मागचं पान उलटलं, ओळ पुन्हा मनात वाचली आणि म्हणाला, “कुत्रा भुकला म्हणून.” कुणी सांगितलेलं नसताना, अर्थ शोधण्यासाठी तो मजकुराकडे परत गेला होता. मराठीच्या तासाला ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’मधून हे मला कधी साधलं नव्हतं. दिवाळीपर्यंत तो परिच्छेद वाचू लागला आणि वर्ष संपताना गोष्ट. चांगलं वाचणाऱ्या मुलींचंही काहीतरी बदललं. त्या आता वाचताना ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

पहिलीच्या पोरांना काय मिळालं, ते त्यांच्या आयांनी सांगितलं. घरी येऊन कागदाचा कुठलाही तुकडा धरून मूल ‘वाचायला’ बसतं. मोठ्या दादासारखं.

मोठ्या मुलांची आणखी एक अडचण चाचणीत दिसत नाही. परिच्छेद नीट वाचणारी मुलंही जोडाक्षर आणि रफार आला की घसरतात, आणि सहावीपासूनची पुस्तकं त्यांनी भरलेली असतात. त्यांना परत बाराखडीकडे नेणं मला पटेना. आमच्या फाट्यावर उभं राहिलं तर एसटीच्या पाट्यांवर हवं तेवढं सापडतं: जव्हार, विक्रमगड, त्र्यंबकेश्वर. ‘त्र्यंबकेश्वर’ फोडून दाखवा म्हटल्यावर सहावीचा वर्ग अख्खा तास त्यातच रमला. त्यानंतर मुलं खताच्या पिशव्या, रेशन दुकानाचा फलक, औषधाचं पाकीट, जिथे दिसेल तिथून जोडाक्षरं आणू लागली. ‘सूर्य’ आणि ‘पूर्व’ मग आपोआप सुटले.

आणि जे सगळं वाचतात त्यांचं काय? त्यांचंही वाचन शिकवून संपलेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. चौथीनंतर शाळा असं धरून चालते की वाचन झालं, आता विषय. पण विज्ञानाचा परिच्छेद गोष्टीसारखा वाचता येत नाही. त्यात एकेका वाक्यात तीन गोष्टी कोंबलेल्या असतात आणि ‘बाष्पोत्सर्जन’ असा एखादा शब्द वाटेत उभा असतो. आमच्या विज्ञानाच्या सरांनी मोठ्या मनानं ही पद्धत उचलली: एक परिच्छेद मुलांनी मनात वाचायचा, पुस्तक मिटायचं, शेजारच्याला आपल्या बोलीत सांगायचं, मग पुन्हा उघडून काय सुटलं ते बघायचं. रानातल्या पानांवर पॉलिथिनची पिशवी बांधली की आत पाणी जमतं, हे मुलांनी करून पाहिलं आणि मग तोच परिच्छेद वाचला. सर म्हणाले, आता प्रश्नही मुलंच विचारतात. आठवीलाही मी रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवते. मोठी झाली म्हणून ऐकण्याची भूक जात नाही. त्यांना स्वतःहून वाचायला जड जाईल अशी भाषा आधी कानावरून गेली तर पुढे डोळ्यांना ती परकी वाटत नाही.

15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, 2015 पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी आम्ही पालकांना आणि आजीआजोबांना बोलावतो. त्यांच्यापैकी अनेकांना वाचता येत नाही, म्हणून दिवसाची सुरुवात त्यांच्या सांगण्यानं होते. एका आजीनं कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, गोष्ट सांगितली. आठवीच्या मुलांनी ती उतरवून घेतली आणि दुपारी तिलाच वाचून दाखवली. ती मध्ये मध्ये दुरुस्त्या सांगत होती, मुलं खोडून पुन्हा लिहीत होती. लेखन आणि वाचन एकमेकांना किती लागून असतं हे त्या दुपारी सगळ्यांना दिसलं.

मग दिवाळी होते आणि शाळा विरळ होते. भातकापणी उरकली की कुटुंबं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहामुळे किंवा आजीपाशी मागे राहतात, बाकीची जातात. कामाच्या जागी शाळा गाठेल याची खात्री नसते. आम्ही जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पातळीप्रमाणे पुस्तकांची एक पिशवी देतो आणि पालकांना सांगतो, फाटली तरी चालतील, वाचू द्या. काही पिशव्या परत येतात, काही येत नाहीत. काही मुलं शिमग्याला येतात, काही थेट पावसाच्या तोंडावर. चौथीतली एक मुलगी भट्टीवर धाकट्या भावाला रोज वाचून दाखवायची असं तिच्या आईनं सांगितलं. चाचणीत तिची पातळी टिकून होती. तिच्याच वर्गातली दुसरी दोघं शब्दांवरून अक्षरांवर आली होती. परतलेल्या मुलाला पुन्हा ऐकायचं, जिथे असेल त्या गटात बसवायचं आणि ‘मागे पडलास’ असं कुणी म्हणायचं नाही, एवढंच शाळेच्या हातात राहतं. स्थलांतर थांबल्याशिवाय हे भोक बुजणार नाही, आणि त्यासाठी गावात रोजगार लागेल.

सहावीत अजून दोन मुलं शब्दांच्या पुढे सरकलेली नाहीत. एकाची नजर कमी असल्याचं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं तपासणीत सांगितलं, आता त्याला चष्मा मिळालाय आणि तो वेग धरतोय. दुसऱ्याचं वेगळं आहे. अक्षरं त्याच्यापुढे रोज नव्यानं येतात. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायची तर घरच्यांची मजुरी बुडवून लांब जावं लागतं. त्यासाठी समितीनं गाडीखर्च द्यायचं ठरवलंय. तोवर आम्ही त्याला धडे वाचून ऐकवतो आणि परीक्षा तोंडी घेतो. तोही शुक्रवारी पहिलीत जातो. चित्रांच्या, बिनशब्दांच्या पुस्तकांतून तो स्वतःच्या मनानं गोष्ट रचून सांगतो आणि पोरं त्याच्याभोवती गर्दी करतात.

एक उणीव मात्र मला फार जाणवते. चित्रपुस्तकं मिळतात, चांगल्या कादंबऱ्याही मिळतात. मधलं काही मिळत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला आपली वाटतील, त्याच्या वयाचे विषय असतील, पण भाषा सोपी, वाक्यं आखूड, पानं थोडी, अशी पुस्तकं मराठीत मला फारच कमी सापडली. म्हणून आठवीच्या मुलांनी ती लिहायला घेतलीत. एक वाघबारशीवर आहे, एक भट्टीवरच्या रात्रीवर, आणि एक कबड्डीच्या सामन्यावर. पहिली दोन शिवून तयार आहेत. तिसऱ्या पुस्तकाची चित्रं सहावीच्या मुलांकडे दिली आहेत, आणि नव्या जोड्या लावायच्या आधी, म्हणजे जूनच्या शेवटापर्यंत, ती पूर्ण करून हवीत असं लेखकांनी बजावलंय.